चौसष्टापर्यंतची चांदी

खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी मला पगार विचारला नाही, जात विचारली नाही, मासे खातो का हेसुद्धा विचारलं नाही. बलकावातल्या, म्हणजे दारापुढच्या पडवीतल्या, दगडी सोप्यावर बसून त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, “जल्म खंयच्या सालचो?”

“ब्याण्णवचा.”

“म्हळ्यार भायर निकेल, भितर तांबें,” ते खिन्न होऊन म्हणाले. मग आत तोंड करून ओरडले, “आयकलें गो? तांब्याचो आसा, पूण बरो दिसता. खोली दितां हांव ताका.”

मी सावंतवाडीचा. पेडण्याच्या एका हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवायला आलो होतो आणि मला तांब्याचा ठरवणारा हा पहिलाच माणूस. रागच आला. पण खोलीला स्वतंत्र न्हाणीघर होतं, म्हणून गिळला.

या बोलण्याचा अर्थ कळायला आठवडा लागला. घरमालकांना, म्हणजे काकांना, अमेरिकेच्या जुन्या चांदीच्या नाण्यांचं वेड होतं. अमेरिकेची पावली, अधेली आणि त्यांची ती दहा सेंटांची बारकी चकती चौसष्ट सालापर्यंत चांदीची निघायची. पासष्टपासून सरकारने पावलीच्या आत तांबं भरलं आणि वर निकेलचा पापुद्रा चढवला. काकांच्या हिशेबी जगाचा ऱ्हास तिथून सुरू झाला. मग हाच नियम त्यांनी माणसांना लावला. चौसष्टापर्यंत जन्मलेला माणूस चांदीचा, पुढचा तांब्याचा. स्वतः ते बासष्टचे. काकी सहासष्टच्या. घरात आमटी खारट झाली, गॅस संपला, नळाचं पाणी गेलं, की काका आढ्याकडे बघून म्हणायचे, “तांबें तें तांबेंच.” आणि काकी आतून म्हणायच्या, “तांब्याच्या आयदनांतच पाणी थंड रवता. चांदयेच्या भांड्यांत भात शिजयता काय कोण?”

त्यांनी अमेरिका पाहिली नव्हती. गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडून ते बांद्यापर्यंत गेले होते, तेही दात काढायला. नोकरीची सगळी वर्षं डिचोलीकडे एका खाणीवर गेली. मातीने भरलेले ट्रक जिथे तोलतात त्या काट्यावर ते कारकून होते. तिथेच खनिज बंदरात नेणाऱ्या एका बार्जीवरच्या खलाशाने त्यांना एक चांदीचा डॉलर दिला. त्याला तो बंदरात बोटीवरच्या कुणा गोऱ्याने हुर्राकाच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या, बाटलीबद्दल दिला होता. काकांनी तो तळहातावर घेतला, वजन पाहिलं आणि त्यांच्या शब्दांत सांगायचं तर, “मास्तर, थंयच हांव पडलों.” गावात त्यांना डॉलरकार म्हणत. पार्सेकार, मांद्रेकार, तसे डॉलरकार. पोस्टमनसुद्धा त्याच नावाने हाक मारायचा.

खाण बंद झाली आणि काका घरी आले, पण हातातला काटा सुटला नाही. सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा त्यांच्या खिशात कायम असायचा. सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीचा भोंगा वाजला की काका काटा घेऊन फाटकापाशी. पोयी, म्हणजे आतून पोकळ पाव, तोलायची आणि पोदेराला आकडा सांगायचा. “आयज चार ग्रॅम उणी रे.” पोदेर म्हणायचा, “पात्रांव, आतली हवा धरूंक ना तुमी.” हा संवाद मी तीन वर्षं रोज ऐकला. माझ्या दाढीच्या ब्लेडपासून ते माझ्या आईने पाठवलेल्या खाज्याच्या पुड्यापर्यंत माझी प्रत्येक वस्तू त्यांनी तोललेली आहे.

नाणं ओळखायची त्यांची पद्धत मात्र खरोखर बघण्यासारखी होती. आधी कड. नाणं आडवं धरून कडेला लाल रेघ दिसली की ते बोटाने दूर सारायचे, वाटीतलं झुरळ झटकावं तसं. कड सफेद असली तर मग चुंबक. चांदी चुंबकाला दाद देत नाही. मग वजन. डॉलर पावणेसत्तावीस ग्रॅम, झिजलेला असला तर थोडा इकडेतिकडे. मग नाणं बोटाच्या टोकावर ठेवून दुसऱ्या नाण्याने हळूच टिचकी मारायची आणि डोळे मिटायचे. चांदी लांब वाजते. ते वाजणं पूर्ण विरेपर्यंत घरात कुणी शिंकायचंही नाही. आणि शेवटी बर्फाचा खडा. चांदी ऊब भराभर पोचवते, म्हणून नाण्यावर ठेवलेला बर्फ बघता बघता विरघळतो. बर्फ विरघळला की काका ते पाणी पुसायचे नाहीत, पंख्याखाली आपोआप वाळू द्यायचे. कारण नाणं पुसायचं नाही, घासायचं तर नाहीच. वर्षांची काळी झाक हीच त्याची अब्रू. ती गेली की संग्राहक त्याला हात लावत नाही.

मी एकदा शहाणपणा केला. म्हटलं, “काका, शाळेच्या प्रयोगशाळेत नायट्रिक ॲसिड आहे. एक थेंब टाकला की लगेच कळेल.”

ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “मनीस जितो आसा काय ना तें पळोवंक ताका कोण सुरी मारता, मास्तर?”

सुट्टीच्या दिवशी ते स्कूटर काढून मोरजीच्या किनाऱ्यावर जायचे. म्हाताऱ्या गोऱ्यांच्या आजोबांच्या पेटीत काही असेल ही आशा. उन्हात पहुडलेल्या एका बाईंपुढे उभं राहून त्यांनी विचारलं होतं, “मॅडम, ओल्ड सिल्वर?” बाईंनी आपल्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवला आणि थँक्यू म्हणाल्या. मी बरोबर होतो. मला वाळूत डोकं खुपसावंसं वाटलं. पण अशा शंभर फजित्यांतून, बोटींवर नोकरी केलेल्या तारवट्यांच्या घरच्या ट्रंकांतून, म्हापशाच्या बाजारातल्या भंगारातून काकांनी एकतीस नाणी जमवली. ती एका स्टीलच्या डब्यात, एकेक वेगळ्या कागदात गुंडाळलेली.

काकींना त्या डब्याचा राग नव्हता, फक्त काळेपणाचा होता. एका चवथीला काका भाजी आणायला गेले आणि काकींनी चिंच लावून चार अधेल्या लखलखीत केल्या. एवढंच करून थांबत्या तर. नाण्यावर झुळझुळीत वस्त्रातली, पाऊल पुढे टाकणारी बाई आहे. काकींनी विचारलं होतं, ही कोण? काका म्हणाले होते, स्वातंत्र्याची देवी. “देवी तर कपाळ मोकळें कित्याक?” म्हणून काकींनी चारही देव्यांना हळदकुंकू लावून गणपतीपुढे मांडलं. काका आले, पाहिलं आणि मटकन खाली बसले. ऐन चवथीत त्या माणसाने तीन दिवस सुतक पाळलं. नेवरी, म्हणजे आमची करंजी, खाल्ली नाही. चौथ्या दिवशी खाल्ली, पण तोलून.

आता राणीबद्दल सांगायला हवं. एकतीस नाणी डब्यात. बत्तिसावं काकांच्या शर्टाच्या खिशात, पारदर्शक गोल डबीत. मोठा डॉलर, मागच्या बाजूला गरुड, गरुडाखाली ‘सीसी’ अशी दोन बारीक अक्षरं. ती अक्षरं असलेले डॉलर वाळवंटातल्या एका लहानशा टांकसाळीतले, म्हणून दुर्मीळ. काका त्याला राणी म्हणत. ही काकींनी दिलेली. खाण बंद झाली तेव्हा काका सहा महिने बलकावात नुसते बसून होते. दाढी नाही, बोलणं नाही. कुणी हाक मारली तर ऐकू येत नव्हतं. काकींनी त्या दिवसांत अबोलीच्या फाती, म्हणजे वेण्या, करून देवळापुढे विकल्या, पैसे जमवले, एकट्या बसने मोरजीला गेल्या आणि एका गोऱ्याच्या पथारीवरून हा डॉलर आणला. इंग्रजी येत नव्हतं. पथारीवाल्याला त्यांनी बोटांनी चक्क गरुडाचे पंख करून दाखवले. “तांणी हातांत घेतलो,” काकी मला सांगत, “आनी सा म्हयन्यांनी पयलेच खेपे हांसले. दुसऱ्या दिसा दाडी केली.”

येईल त्याला काका राणी दाखवत. शेजाऱ्याला, वीजमीटरवाल्याला, मतदार यादी घेऊन आलेल्या बाईला. पण डबी उघडत नसत. मी एकदा म्हटलं, “काका, हिचा आवाज ऐकवा की.”

“राणयेक कोण वाजयता रे?” असं म्हणून त्यांनी ती खिशात टाकली. मला तेव्हा ते मानापानाचं वाटलं.

मग काकांना मूतखडा झाला. रात्री अकरा वाजता ते घोरपडीसारखे जमिनीवर सरपटत होते. म्हापशाला नेलं. डॉक्टर म्हणाले, सकाळी काढावा लागेल. काकी बाहेरच्या बाकावर बसून ग्रामदेवाला हात जोडून पुटपुटत होत्या. पहाटे खडा आपणहून पडला. काकांनी कळा थांबताच पहिलं काय मागितलं असेल? काटा. शून्य पूर्णांक एक ग्रॅम भरला. तो खडा त्यांनी जपून आणला आणि नाण्याच्या एका रिकाम्या डबीत ठेवला.

चार दिवसांनी काकांनी स्टीलचा डबा उघडला, तर त्यात नुसते कागद.

काकी पदर खोचून उभ्या राहिल्या. “म्हजी आंगवण आसली. खडो पडूंदी, घरांत डब्यांत आसा तितली चांदी तुका दितां म्हूण देवाक सांगिल्लें. देवान आयकलें. हांवें काल देवळांत पावयली.”

देवळात त्या वर्षी देवाच्या पाठीमागे नवी चांदीची प्रभावळ करायचं चाललं होतं. गावच्या बायका जुनी जोडवी, तुटके पैंजण आणून देत होत्या. सोमवारी शेट, म्हणजे सोनार, देवळाच्या आवारातच भट्टी लावून सगळं वितळवणार होता. तो दिवस शनिवार.

काका ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, “बरें केलें गो,” आणि माझ्या खोलीत येऊन माझ्या खाटेवर बसले. “मास्तर, म्हजीं तीस वर्सां वितळतलीं.” डोळे भरले होते. मला पहिल्यांदा त्या डब्याचं खरं वजन कळलं. परत मागायची सोय नव्हती. काकींनी ती काकांच्याच जिवासाठी दिली होती. मागितली तर गावात काकींचं तोंड काळं, आणि देवाला दिलेलं परत घेणारा म्हणून काकांचंही.

“मग देवालाच विचारा,” मी म्हटलं. “कौल लावा.”

आमच्या त्या भागात देवाला विचारल्याशिवाय कुणी गायसुद्धा विकत नाही. देवाच्या अंगावर उजवीकडे-डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. रविवारी आम्ही तिघं गेलो. काकी पुढे, हनुवटी वर. बातमी आधीच पोचली होती, त्यामुळे देवळात पालखीला नसते एवढी गर्दी. शेटही आपला तराजू घेऊन हजर.

भटजींनी पाकळ्या लावल्या. काका म्हणाले, “पंखो बंद करात. वाऱ्यान पाकळेर परिणाम जाता.” पंखा बंद झाला. गाऱ्हाणं घालायला घाडी, म्हणजे देवापुढे लोकांचं म्हणणं मांडणारा मानकरी, उभा राहिला.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” लोक म्हणाले.

“ह्या तुज्या लेकरान अमेरिका मुलखाची चांदी पुंजायली, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“तेच्या घरकान्नीन खड्यापायी ती तुका दिली, आनी खडो पडलो, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आता हेका ती परत व्हयी. काय तां तूच सांग आनी हेचो जीव वाटेर घाल, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

शब्द संपायच्या आत डावी पाकळी टपकन पडली. एवढ्या घाईत देवाने कुणाला कौल दिलेला कुणी पाहिला नव्हता. मागून कोणीतरी हसलं.

काकांनी कपाळावरचा घाम पुसला आणि घाडीच्या कानात काहीतरी सांगितलं. घाडीने दुसरा प्रश्न घातला: तितक्याच वजनाची दुसरी चांदी दिली तर चालेल काय? या वेळी पाकळ्या हलेनात. पाच मिनिटं, दहा मिनिटं. पंखा बंद, सगळे घामाघूम. काका डोळे मिटून उभे, नाणं वाजवल्यावर असायचे तसेच. आणि उजवी पाकळी अलगद घसरून खाली आली.

मग मी सायकल मारत घरी गेलो आणि काकींनी सांगितलेली सगळी चांदी पिशवीत घालून आणली. निरांजनं, अत्तरदाणी, नातीचे वाळे, काकांचा मुंजीतला करदोटा. एका पारड्यात एकतीस नाणी, दुसऱ्यात आमचा संसार. संसाराचं पारडं वर. काकींनी तिथेच खाली बसून पायातले पैंजण सोडले आणि टाकले. पारडं खाली आलं, पण पुरतं नाही. काका आणि शेट दोघांनी आपापल्या काट्यावर मोजलं आणि एकमत झालं. सव्वीस ग्रॅम कमी. म्हणजे झिजलेला एक डॉलर.

“एक नाणें रावूंदी मगो,” शेट म्हणाला. “तीस घेवन वचात.”

तेवढ्यात काकी म्हणाल्या, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल अशा, “देवाक उणें कित्याक दिवप? तुमच्या बोलसांतली राणी दियात. सगळ्यांत बरी वस्त देवाची.”

देऊळ “व्वा” म्हणालं. काकांचा चेहरा मात्र पुसल्यासारखा झाला. हात खिशावर गेला आणि तिथेच राहिला.

शेटने तळहात पुढे केला. “हाडात. कसाक लायतां आनी सांगतां.”

“ना,” काका म्हणाले.

“ना?” काकी म्हणाल्या.

“राणी दिवचीं ना.”

कुजबूज सुरू झाली. देवळात उभं राहून देवाला नाही म्हणणारा माणूस. कुणी म्हणालं कद्रू, कुणी म्हणालं खडा उगाच पडला. काकींची मान खाली गेली. काका पारड्याकडे वाकले, नाणी एकेक उलटून पाहिली आणि एक काढून शेटच्या हातावर ठेवलं. मी ते ओळखलं. बार्जीवरच्या खलाशाने दिलेला डॉलर, सगळ्यांत पहिला. शेटने वाजवला. तो आवाज विरेपर्यंत काकांनी डोळे मिटले होते.

“चांदी अस्सल,” शेट म्हणाला.

“जाणां हांव,” काका म्हणाले आणि वाहाणा घालायला बाहेर गेले.

काकी बायकांबरोबर मागे राहिल्या. उरलेली तीस नाणी पिशवीत घालून आम्ही दोघं शेताच्या बांधाने निघालो. मला राहवेना. म्हटलं, “काका, पहिलं नाणं दिलंत. त्यापेक्षा राणी द्यायची होती. गावभर नाव खराब करून घेतलंत.”

काकांनी मागे वळून कुणी येत नाही ना पाहिलं. खिशातून डबी काढली. मी तीन वर्षांत पहिल्यांदाच ती उघडलेली पाहिली. दुसऱ्या खिशातून चुंबक काढला आणि जवळ नेला. राणी टुणकन उडी मारून चुंबकाला चिकटली. खट्ट असा आवाज झाला. शाळेत मी लोखंडाचा कीस चिकटवून दाखवतो, अगदी तसं.

मी वाकून जवळून पाहिलं. मग हसू फुटलं. काकाही हसले.

“कधीपासून माहीत होतं?”

“हातांत घेतले तेन्नाच. वजनान कळ्ळें. धा ग्रॅम उणी. तिणें फाती विकून हाडिल्ली रे. म्हाका सा म्हयन्यांनी पयलेच खेपे हांसूं आयलें तें ताकाच लागून. इतलें खोटें नाणें हांवें जल्मांत पळोवंक नाशिल्लें!” ते पुन्हा हसले, मग एकदम थांबले. “शेटान कसाक लायिल्ली जाल्यार तिका सगळ्या गांवामुखार कळिल्लें. आनी देवाक खोटें दिवंक जायना. घरांत चलता.”

त्यांना राणी चुंबकावरून सोडवायला दोनदा ओढावी लागली. डबीत घालून त्यांनी ती खिशात ठेवली आणि वरून बटण लावलं.

काकी आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. भाकरी वाढायच्या ती लांबून, आपटून. नवव्या दिवशी मी पाणी भरायला गेलो तर विहिरीवर त्या शेजारणीला सांगत होत्या, “कद्रू आसात, पूण एक सांगतां. म्हजी दिल्ली वस्त देवान मागली तरी दिली नात.” आणि हे सांगताना त्यांचा आवाज असा काही चढला होता की शेजारीण आपल्या घागरीकडे बघत राहिली.

त्या दुपारी जेवणात मीठ जास्त पडलं होतं. मी पानावरून काकांकडे बघून डोळे मिचकावले आणि त्यांचंच वाक्य म्हटलं, “तांबें तें तांबेंच. काकी सहासष्टच्या ना?”

काकांनी घास खाली ठेवला. स्वयंपाकघराकडे पाहिलं, माझ्याकडे झुकले आणि एखादं दुर्मीळ नाणं दाखवावं तसं दबक्या आवाजात म्हणाले, “शाळेंत घालतना मास्तरान साल चुकीचें बरयलां रे. ती चौसष्टाचीच.”